शेल स्क्रिप्टने व्हिडिओचा आवाज जुळवणे : एका लहानशा कामामागचा इतिहास

पुण्याला व्याख्यानांचे वावडे कधीच नव्हते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते, आणि तिच्या धर्तीवर पेठांतून व उपनगरांतल्या वाचनालयांतून लहानमोठ्या माला चालतात. आता बहुतेक ठिकाणी भाषणांचे चित्रीकरण होते, मात्र ते करणारा व्यावसायिक असतोच असे नाही. एका वर्षी कुणाच्या हौशी कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर, पुढच्या वर्षी ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून तार ओढून, टाळेबंदीनंतर थेट मोबाइलवर, अशा रीतीने साठलेल्या दीडेकशे फायली एका मंडळाने माझ्या हवाली केल्या, तेव्हा त्यातले एक भाषण कानाशी फोन धरूनही नीट ऐकू येत नव्हते आणि लगेच पुढचे खोली दणाणून सोडत होते. प्रत्येक फाइल संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आवाज जुळवणे कोणाच्याच आवाक्यातले नव्हते. असे काम टर्मिनलवरच्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या) दहाबारा ओळींच्या शेल स्क्रिप्टने, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांच्या यादीने, एका रात्रीत उरकते. त्या ओळींमागे दोन स्वतंत्र इतिहास आहेत, एक आवाज मोजण्याचा आणि दुसरा लहान प्रोग्राम एकमेकांना जोडण्याचा, आणि ते एकत्र यायला बराच काळ लागला.

आवाजाची पातळी ज्या डेसिबलमध्ये सांगतात ते एकक टेलिफोनच्या तारांतून आले. अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांना लांबच लांब तारेत संकेत किती गळतो हे मोजायचे होते. १९२४ च्या सुमारास त्यांनी लॉगरिदमवर आधारलेले ‘ट्रान्समिशन युनिट’ वापरात आणले आणि १९२८ मध्ये त्याला डेसिबल हे नाव दिले. लॉगरिदमची ही पट्टी कानालाही मानवणारी निघाली, परंतु कानाचा हिशेब निराळाच असतो. ध्वनिलहरीची उंची दुप्पट केली की सुमारे ६ डेसिबलची वाढ होते, ऐकणाऱ्याला मात्र आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. शिवाय सगळे स्वर कानाला सारखे भिडत नाहीत. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांतून हे स्पष्ट झाले की खर्जातला ध्वनी मधल्या पट्टीतल्या ध्वनीइतका मोठा वाटण्यासाठी त्याला कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो. १९३९ मध्ये अमेरिकेतील नभोवाणी कंपन्यांनी आणि बेल प्रयोगशाळेने मिळून जो व्हीयू मीटर, म्हणजे आवाजाची पातळी काट्याने दाखवणारा मापक, ठरवला, त्याचा काटा मुद्दाम सुस्त ठेवला होता. त्याला योग्य जागी पोचायला ३०० मिलिसेकंद लागत, त्यामुळे क्षणभराच्या ठोक्याला तो फारसा बधत नसे आणि बोलण्याचा सर्वसाधारण जोर दाखवत असे.

याच सुमारास, १९३३ मध्ये, प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. बोलपटाचा आवाज चित्रपट्टीच्या कडेलाच मुद्रित होत असे, पण तो प्रेक्षकांना किती मोठ्याने ऐकवायचा हे शेवटी चित्रपटगृहातला ऑपरेटर ठरवी. रीळ बारीक आवाजाचे निघाले, तर तो बटण फिरवी आणि विषय तिथेच संपे. आजची फाइल लोकांच्या फोनवर जाते आणि मध्ये ऑपरेटर कोणी नसतो. हे काम आता फाइल बाहेर पडण्यापूर्वीच करावे लागते, ते त्यामुळे.

दुसरा इतिहास संगणकाचा. बेल प्रयोगशाळेतीलच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात असे सुचवले होते की, बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडाव्यात तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. केन टॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्स या संगणक-प्रणालीत ‘पाइप’ (एका प्रोग्रामचे उत्तर थेट दुसऱ्याला पोचवणारी जोडणी) आणला आणि ती कल्पना प्रत्यक्षात उतरली. टाइप केलेल्या आज्ञा वाचून पार पाडणारा स्टीफन बॉर्न यांचा शेल युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला, आणि ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये लिहिलेला बॅश हा शेल आज लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर असतो. गंमत अशी की बॅशला दशांश अपूर्णांकांचे गणित येत नाही, तो फक्त पूर्णांक जाणतो. आवाज ३.७ डेसिबलने वाढवायचा असेल तर ते गणित १९७५ पासून युनिक्समध्ये असलेल्या ‘बीसी’ या गणकाकडे किंवा १९७७ च्या ‘ऑक’ या छोट्या भाषेकडे सोपवावे लागते. आवाज जुळवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये या दोघांपैकी एकजण कुठेतरी बसलेला दिसतो.

ध्वनीच्या फायली कमांड लाइनवरून हाताळणारे ‘सॉक्स’ लान्स नॉर्सकॉग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले, पण त्याला चित्र कळत नव्हते. फ्रेंच प्रोग्रामर फॅब्रिस बेलार यांनी २००० साली चित्र आणि ध्वनी दोन्ही हाताळणारे ‘एफएफएमपेग’ सुरू केले. सुरुवातीच्या स्क्रिप्ट या दोघांच्या जोडगोळीवर चालत. एफएफएमपेगने व्हिडिओतून आवाज सुटा काढायचा, सॉक्सला ‘आवाज न फाटता किती पट वाढवता येईल’ असे विचारायचे, मिळालेल्या आकड्याने आवाज गुणायचा आणि तो चित्राला पुन्हा जोडायचा. सॉक्स हा आकडा नेहमीच्या उत्तराच्या वाटेने न देता चुकांच्या संदेशांच्या वाटेने देत असे, त्यामुळे ती वाट वळवून घेण्याची खूण ज्याला ठाऊक नसे त्याच्या हाती रिकामी ओळ पडे. एफएफएमपेगमध्येही आवाजाचा एक जुना पर्याय होता. त्यात २५६ म्हणजे मूळ पातळी आणि ५१२ म्हणजे दुप्पट, अशी केवळ प्रोग्रामरलाच सुचेल अशी मोजणी होती. पुढे फिल्टरांची, म्हणजे ध्वनीवर एकेक प्रक्रिया करणाऱ्या भागांची, सोय झाल्यावर डेसिबलमध्ये सांगता येऊ लागले, आणि सर्वाधिक शिखर व सरासरी पातळी मोजून देणारा ‘व्हॉल्यूमडिटेक्ट’ हा फिल्टरही आला. मग सॉक्सची गरज उरली नाही. चित्र जसेच्या तसे उचलून फक्त ध्वनी पुन्हा एन्कोड करण्याची सोय असल्यामुळे तासाभराचे भाषण काही मिनिटांत तयार होते आणि चित्राची प्रत घसरत नाही.

या सगळ्या पद्धती शिखर मोजणाऱ्या होत्या. १६ बिटांच्या ध्वनीत लहरीचे क्षणाक्षणाचे माप, म्हणजे नमुना, संख्येत लिहितात, आणि ३२,७६७ च्या वरची संख्याच नाही. लहर त्यावर गेली की तिचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. म्हणून फाइलमधला सर्वांत उंच नमुना शोधायचा आणि तो छताला टेकेपर्यंत सगळेच वर उचलायचे, हा उपाय सरळ दिसतो. पुण्यातल्या कोणत्याही सभागृहात तो फसतो. सूत्रसंचालक आधी माइकवर दोन टिचक्या मारतात, मग ‘हॅलो, हॅलो’ होते, आणि त्या टिचक्यांनीच छत गाठलेले असते. पुढचा सव्वा तास वक्ता कितीही हळू बोलो, स्क्रिप्टच्या मते या फाइलला वाढवायला जागाच नाही. माझ्या पहिल्या स्क्रिप्टने दीडशेपैकी बऱ्याच फायलींना असेच ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिले होते.

यातून बाहेर काढणारी गोष्ट आली ती दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींमुळे. मालिका थांबून जाहिरात लागली की घरोघर रिमोट शोधला जातो, हा अनुभव जगभरचा आहे. भारतात १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांतही जाहिरात अवाजवी ‘लाउड’ नसावी असे म्हटले होते. परंतु शिखराच्या मापाने जाहिरात निर्दोषच ठरे, कारण तिचे शिखर मालिकेइतकेच असे; फक्त बारीक आवाज दाबून वर आणल्यामुळे ती सतत त्या शिखराजवळ राही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये कानाच्या अंगाने मोजण्याची पद्धत ठरवली, तिचा क्रमांक बीएस १७७०. तीत खर्जाला कमी आणि वरच्या पट्टीला थोडे अधिक वजन देऊन ऊर्जेची सरासरी काढतात. युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये कार्यक्रमांसाठी या मापाच्या एककात, एलयूएफएसमध्ये, उणे २३ ही पातळी निश्चित केली (उणे, कारण मोजणी डिजिटल ध्वनीच्या छतापासून खाली होते) आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजावर कायदा झाला.

या मापातला मला सर्वांत आवडलेला भाग २०११ च्या सुधारणेत आला. सरासरी काढताना शांतताही मोजली तर थांबत थांबत बोलणारा वक्ता उगाचच ‘बारीक’ ठरतो. म्हणून ध्वनीचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून उणे ७० च्या खालचे तुकडे वगळायचे, आणि उरलेल्यांच्या सरासरीहून १० एककांपेक्षा अधिक खाली असलेलेही सोडून द्यायचे, असे ठरले. वाक्य संपवून पाण्याचा घोट घेणाऱ्या आणि श्रोत्यांवरून नजर फिरवून मगच पुढचा शब्द उच्चारणाऱ्या आपल्याकडच्या वक्त्यांना या दुरुस्तीने खरा न्याय दिला.

एफएफएमपेगमध्ये ‘लाउडनॉर्म’ हा फिल्टर २०१६ मध्ये दाखल झाला आणि हे माप स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हाती आले. तो दोन फेऱ्यांत वापरणे उत्तम. पहिल्या फेरीत तो नुसता मोजतो आणि आकडे देतो. स्क्रिप्ट ते उचलून दुसऱ्या फेरीत परत देते, आणि मग संपूर्ण फाइल एकाच प्रमाणात वरखाली होते. एकाच फेरीत वापरला तर तो पुढचे थोडेसे ऐकत जागच्या जागी आवाज बदलत जातो. भाषणाला हे एकवेळ चालते, मैफिलीला नाही. ख्यालाची बढत बारीक आलापापासून द्रुत तानांपर्यंत चढत जाते. तो चढच सपाट केला तर विलंबित आणि द्रुत सारख्याच जोराचे ऐकू येतात, तानपुरा मध्येच फुगतो, आणि गायकाने तासभर केलेली मांडणी वाया जाते. येथे एक छुपा खड्डा आहे. ध्वनीतला चढउतार किती राहू द्यायचा याचा फिल्टरचा ठरीव आकडा ७ आहे. मूळ मैफिलीचा त्याहून अधिक निघाला, तर दोन फेऱ्या करूनही तो गुपचूप बदलत्या पद्धतीवर जातो. हा आकडा मोजलेल्या चढउतारापेक्षा वर ठेवणे आवश्यक असते. बदलत्या पद्धतीत ध्वनीचा नमुनादर, म्हणजे सेकंदाला किती नमुने तो आकडा, १९२ किलोहर्ट्झवर जातो, म्हणून तो ४८ वर परत आणण्याची सूचनाही लिहून ठेवावी.

पातळी किती ठेवावी याबद्दल मतभेद आहेत. उणे २३ ही दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणीसाठी योग्य असली, तरी पीएमटी बसच्या गर्दीत, म्हणजे आता पीएमपीच्या, फोनवर भाषण ऐकणाऱ्याला ती पुरत नाही. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २०१५ मध्ये इंटरनेटवरील ध्वनीसाठी उणे १६ ते उणे २० असा पट्टा सुचवला होता. मी भाषणांसाठी त्यातला उणे १६ घेतला.

शेलच्या बाजूचे खड्डे जुनेच आहेत. फाइलचे नाव ‘अध्यक्षीय भाषण’ असे दोन शब्दी असेल आणि स्क्रिप्टमध्ये ते नाव धरून ठेवणाऱ्या चलाभोवती (व्हेरिएबलभोवती) अवतरणचिन्हे नसतील, तर शेल त्याच्या दोन फायली समजतो. नावांची यादी ओळीओळीने वाचून तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या लूपमध्ये एफएफएमपेग ठेवले, तर ते कीबोर्डची वाट पाहण्याच्या नादात यादीतलीच अक्षरे गिळते आणि पहिल्या फाइलनंतर काम थांबते किंवा पुढची नावे अर्धवट होतात. त्याला ‘आत काही वाचू नकोस’ असे स्पष्ट सांगावे लागते. मूळ फाइलवरच लिहायलाही ते नकार देते. तयार फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकणे हाच रिवाज आहे.

मंडळाच्या दीडशे फायलींपैकी सात तशाच राहिल्या. त्या मिक्सरमधून तार ओढली त्या वर्षीच्या होत्या, आणि लहरींचे माथे मुद्रणाच्या वेळीच कापले गेले होते. स्क्रिप्टने त्यांचा आवाज ९ डेसिबलने खाली आणला. आता ती भाषणे बाकीच्यांच्याच पातळीवर फाटकी ऐकू येतात.