सशाचं घर: आत की बाहेर?

दुपारी ससा पाहिला, की याला जागा ती किती लागणार असंच वाटतं. पाय पोटाखाली घेऊन, कान पाठीवर टाकून तो कोपऱ्यात तासन्‌तास बसलेला असतो. तोच ससा दिवेलागणीला पाहावा. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, मध्येच हवेत उडी मारून अंगाला झटका देतो, मागच्या पायांवर उभा राहून कानोसा घेतो. पहाटे पुन्हा तेच. ससा संधिप्रकाशात जागणारा प्राणी आहे आणि नेमक्या त्याच वेळांना बहुतेक पिंजऱ्यांची दारं बंद असतात.

मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण उघड्या माळावर राहणारा रानससा वेगळा. तो बिळात राहत नाही. पाळीव सशांच्या सगळ्या जाती आल्या त्या बिळं खणून कळपाने राहणाऱ्या युरोपीय सशापासून, म्हणजे ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलसपासून. त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालच्या भागातलं. बीळ आसऱ्यासाठी आणि बाहेरचं मैदान चरायला, धावायला, अशी त्याची दुहेरी वस्ती असते. पाळताना आपण त्याला बीळ देतो आणि मैदान विसरतो.

याची किंमत हाडं मोजतात. सशाचा सांगाडा वजनाच्या मानाने फार हलका असतो, शरीराच्या साधारण ८ टक्के; मांजरात हेच प्रमाण १२-१३ टक्क्यांच्या आसपास जातं. मागच्या पायांचे स्नायू मात्र इतके जोरकस, की घाबरून झाडलेल्या लाथेने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. हालचाल नसेल तर ही नाजूक हाडं आणखी विरळ होतात. म्हणून ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सांगते, तीही चोवीस तास खुली. यातला ‘सलग’ हा शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दुमजली पिंजऱ्याचं क्षेत्रफळ कागदावर भरतं, पण दोन आखूड मजले जोडून एक धाव होत नाही.

एवढी जागा घरात काढायची की अंगणात? बाहेर पहिला शत्रू ऊन. सशाला घाम जवळजवळ येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कानच असतात. पारा २८-३० अंशांवर गेला की उष्माघाताची भीती सुरू होते. सकाळी सावलीत असलेला पिंजरा दुपारी तीनला भर उन्हात असू शकतो, म्हणून जागा दुपारी पाहून ठरवावी. पत्र्याचं छप्पर तर नकोच. कोरडी थंडी त्याला सोसते; ओल आणि थेट वारा सोसत नाही.

दुसरी भीती शिकाऱ्यांची. कोंबड्यांसाठी वापरतात ती षट्कोनी जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. जाड तारेची, बारीक चौकोनांची वेल्डमेश जाळी हवी, आणि ती जमिनीखालीही हवी, कारण ससा आतून खणतो आणि दुसरा प्राणी बाहेरून. जाळी शाबूत राहिली तरी बाहेर घुटमळणाऱ्या कुत्र्याच्या नुसत्या धास्तीने ससा मरू शकतो. शिवाय डासांमधून मिक्सोमॅटोसिससारखा जीवघेणा आजार पसरतो. मागचा भाग विष्ठेने माखलेला असेल तर माश्या तिथे अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात.

म्हणून माझं मत घरातल्या जागेकडे झुकतं. तिथले धोके तरी आपल्या हातातले असतात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे तो कुरतडणारच; विजेच्या तारा उचलून किंवा नळीत घालून ठेवाव्या लागतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, कारण तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. जाजम किंवा गालिचा अंथरला की तोच ससा बिनधास्त धावू लागतो. याच केसाळ तळव्यांमुळे तारेच्या तळाचा पिंजरा आत-बाहेर कुठेच चालत नाही. घोट्यामागे जखमा होतात. मूत्रातून अमोनिया सुटतो आणि सशाचं नाक तर जमिनीलगतच असतं, त्यामुळे शौचाचा कोपरा रोज साफ करावा लागतो. तिथेच सुक्या गवताची टोपली ठेवली तर तो आपणहून त्या कोपऱ्यात जायला शिकतो; चरता चरता विष्ठा टाकायची त्याची सवयच असते.

दार वरून उघडणारा पिंजरा मात्र घेऊ नये. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने सशाला वरचं, मागचं जवळजवळ सगळं दिसतं. वरून झेपावणारा हात त्याच्या लेखी घारच असते. लपायच्या खोक्यालाही दोन तोंडं असावीत, म्हणजे जोडीदाराने एक अडवलं तर दुसरं मोकळं राहतं.

ससा आणण्याआधी खोलीत खडूने ३ बाय २ मीटरचा आयत आखावा आणि आठवडाभर तो मोकळा ठेवून पाहावा. ऊन कुठवर येतं, तार कुठून जाते, येता-जाता कोणाचा पाय त्यात पडतो, हे तेवढ्या दिवसांत कळतं.