पार्श्वभूमी: संघातला ‘परदेशी’ कोण?

युरोपातल्या फुटबॉल क्लबांचा चषक १९५५ साली सुरू झाला, आजच्या युरोपीय युनियनचा पाया घालणाऱ्या रोमच्या कराराच्या दोन वर्षं आधी. पहिलाच सामना लिस्बनमध्ये, युगोस्लाव्ह पाहुण्यांशी, ३-३. पण तेव्हा चाहत्यांच्या लेखी युरोप म्हणजे समोरचा संघ. तो आपल्या संघात शिरला युरोपीय न्यायालयाच्या १५ डिसेंबर १९९५ च्या निकालाने.

बेल्जियममधल्या लीज शहराच्या क्लबमधल्या एका बेल्जियन खेळाडूचा करार ३० जून १९९० ला संपत होता. बोनस धरून महिन्याला सरासरी १,२०,००० फ्रँक कमावणाऱ्याला नव्या करारात ३०,००० देऊ केले. त्याने फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबात जायचं ठरवलं. पण करार संपला तरी जुन्या क्लबला बदली शुल्क द्यावंच लागे. पैसे बुडतील या धास्तीने लीजने बदलीचं प्रमाणपत्रच पुढे जाऊ दिलं नाही आणि बदली फसली. न्यायालयाने हे शुल्क बेकायदा ठरवलं, आणि त्याच निकालात युनियनच्या नागरिकांवरची राष्ट्रीयत्वाची मर्यादाही.

चर्चा शुल्काचीच होते. चाहत्यांचं जग बदललं ते मर्यादा गेल्याने. तोवर ‘३+२’ चालायचं: मैदानात तीन परदेशी, शिवाय त्या देशात सलग पाच वर्षं खेळलेले (त्यातली तीन कुमार संघात) आणखी दोन. युरोपीय स्पर्धांत इंग्लिश क्लबला स्कॉटिश आणि वेल्श खेळाडूही परदेशीच. नोव्हेंबर १९९४ मध्ये मँचेस्टरचा संघ बार्सिलोनात ४-० ने हरला, तेव्हा त्यांचा पहिल्या पसंतीचा डॅनिश गोलरक्षक याच हिशेबापायी बाहेर बसला होता. पाच वर्षांनी, २६ डिसेंबर १९९९ ला, लंडनच्या एका क्लबने साउदॅम्प्टनमध्ये एकही ब्रिटिश नसलेले अकरा जण उतरवले. पाठीराख्यांनी गाणी गायली ती त्यांच्याचसाठी.

‘या निकालाने गावची पोरं संपवली’ ही तक्रार अर्धीच खरी. टीव्हीचा पैसा त्याआधीच वाहू लागला होता. उतारा म्हणून २००६-०७ पासून युरोपीय स्पर्धांच्या नियमांत ‘स्थानिक प्रशिक्षित’ हा शब्द आला, आणि घोळ इथेच आहे. त्यात पासपोर्ट बघतच नाहीत. १५ ते २१ या वयात तीन हंगाम त्या क्लबात किंवा त्या देशात काढले की झालं. २००८-०९ पर्यंत २५ जणांत असे आठ लागू लागले. कमी पडले तर जागा रिकामी ठेवायची. मग क्लबांना सोळाव्या वर्षीच पोरं उचलणं आणखी सोयीचं झालं. २००३ साली बार्सिलोनाहून लंडनला आलेला सोळा वर्षांचा मुलगा या व्याख्येत चोख ‘स्थानिक’ बसतो.

एप्रिल २०२१ मध्ये बारा क्लबांनी कायम सदस्यांची वेगळी लीग जाहीर केली. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. तिथल्या चाहत्यांना ही बंदिस्त रचना अमेरिकन वाटली. बढती-घसरणीची (वरचे संघ वरच्या लीगमध्ये, तळाचे खालच्या) युरोपीय रीत त्यांनी आपली म्हणून राखली. त्यांचा देश युनियनच्या एकल बाजारातून बाहेर पडून चार महिनेही झाले नव्हते. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या क्लबांना अठराखालचा परदेशी मुलगा घेता येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर आला, तर ‘स्थानिक’ ठरायला लागणारे तीन हंगाम एकविशीपर्यंत जेमतेम भरतात.