मराठीत ‘ज’ किती? एका कारकिर्दीची पार्श्वभूमी

ही पार्श्वभूमी भाषाभ्यासक अशोक केळकर यांच्या कारकिर्दीची. त्यासाठी पाणिनी आणि प्रातिशाख्यांपर्यंत (वेदांच्या उच्चारांवरच्या प्राचीन ग्रंथांपर्यंत) मागे जायची इथे गरज नाही. स्वनिम म्हणजे ज्याच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो असा भाषेतला ध्वनी. पुण्यात हा आधुनिक स्वनिमविचार रुजला तो 1950च्या दशकात. अमेरिकन पैशातून येरवड्याच्या डेक्कन कॉलेज या संशोधनसंस्थेत भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग भरू लागले. तिकडचे प्राध्यापक इकडे आले, इकडची तरुण मंडळी तिकडे गेली. पुण्यातल्याच तरुण केळकरांनी 1958 मध्ये अमेरिकेत मराठीच्या स्वनिमांवर आणि पदरचनेवर पीएच.डी. केली.

त्या पिढीचा खरा घोळ ‘च’ आणि ‘ज’चा. ‘हे जग मोठं आहे’ आणि ‘तू शंभर वर्षं जग’ मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या ‘ज’ला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला दातांच्या मागे. अक्षर एकच. अशी एक जोडी सापडली की दोन स्वनिम मोजायचे, हा तेव्हाच्या वर्णनवाद्यांचा, म्हणजे बोलली जाणारी भाषा आहे तशी नोंदवणाऱ्या अभ्यासकांचा, शिरस्ता. पण ‘माझा’तला दंत्य ‘झ’ ‘माझी’ म्हणताच तालव्य होतो. पुढे इ, ए किंवा य आला की फरकच मिटतो. शिवाय जोडीतला तालव्य शब्द बऱ्याचदा तत्सम निघतो. मग हा भेद मराठीचा, की संस्कृतच्या उसनवारीचा? मला दोन मानणाऱ्यांची बाजू पटते. ‘चार’ आणि ‘चारा’ घ्या. ‘चार’ तद्भव आहे, तरी त्यातला ‘च’ तालव्यच.

त्यात नावांचा गोंधळ वेगळा. कुणी स्वनिम म्हणे, कुणी ध्वनिम, कुणी जुना ‘वर्ण’, ज्याचा अर्थ अक्षरही होतो आणि जातही.

आग्र्यात काही वर्षं शिकवून केळकर 1962 मध्ये पुण्यात परतले. शासनाने शुद्धलेखनाचे 14 नियम मान्य केले तेही त्याच वर्षी. त्यांत ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारांचा निकाल लागला, दोन ‘ज’ मात्र एकाच अक्षरात नांदत राहिले. 1968 नंतर निर्मितिवादी मंडळींनी, म्हणजे चॉम्स्कीच्या वाटेने जाणाऱ्यांनी, स्वनिम ही पातळीच हवी कशाला, हा प्रश्न लावून धरला. केळकरांचं लिखाण पुढे काव्य आणि सौंदर्यविचाराकडेही वळलं. 2010 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो समीक्षेच्या पुस्तकासाठी, स्वनिमांसाठी नव्हे.

माझ्या फोनमधली वाचून दाखवणारी बाई मात्र अजून ‘शंभर वर्षं जग’मधला ‘ज’ टाळूवरूनच म्हणते.