वचनांना नंबर कोणी दिले? बायबल अभ्यासाच्या साधनांची पार्श्वभूमी

आमच्या शनिवारच्या बायबल अभ्यासात कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, शास्त्र परमेश्वरप्रेरित आहे ना, मग हे अध्यायांचे आणि वचनांचे नंबर पण प्रेरित आहेत का? मला हा प्रश्न फार आवडला, कारण आपल्याला शास्त्र भेटतं तेच मुळी नंबर लावलेलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सकाळच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये, एकेक वचन सुटं सुटं. तर उत्तर आहे नाही, नंबर माणसांनी लावलेत आणि तेही खूप उशिरा, पण ते कसं घडलं हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आधी प्रेरित हा शब्द बघू. सगळं शास्त्र परमेश्वरप्रेरित आहे असं सांगणाऱ्या 2 तीमथ्य 3:16 मध्ये मूळ ग्रीक शब्द आहे थिओप्न्यूस्तोस, म्हणजे देवाने श्वास फुंकलेलं, आणि अख्ख्या नव्या करारात हा शब्द फक्त या एकाच ठिकाणी येतो. आता आधीचं 15 वं वचन पण वाचा, तिथे पौल तीमथ्याला म्हणतो की तुला बालपणापासून पवित्र शास्त्राची माहिती आहे, म्हणजे तो बोलतोय ते आपण ज्याला जुना करार म्हणतो त्याबद्दल, कारण नवा करार त्यावेळी अजून गोळाच झाला नव्हता. आज आपल्याकडे आहेत तीच 27 पुस्तकं नेमकी एका यादीत दिसतात ती अथनासियस या अलेक्झांड्रियाच्या बिशपच्या इ.स. 367 च्या पत्रात.

प्रेरणा म्हणजे नक्की काय घडलं असेल हे मला सगळ्यात जास्त कळतं ते यिर्मया 36 मध्ये. संदेष्टा यिर्मया तोंडाने सांगतोय, त्याचा लेखक बारूख शाईने गुंडाळीवर लिहितोय. मग ती गुंडाळी राजा यहोयाकीमसमोर वाचली जाते, हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी पेटलेली, आणि तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो, अशी पूर्ण गुंडाळी जळून जाते. मग परमेश्वर सांगतो दुसरी गुंडाळी घे आणि पुन्हा लिही, आणि शेवटच्या वचनात म्हटलंय की त्यात तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची भर घातली. देवाचं वचन, पण हात बारूखचा आणि मेहनत पण त्याचीच. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर सुरुवातीलाच सांगतो की मी सगळ्याचा मुळापासून शोध करून लिहितोय.

या गुंडाळ्या दिसायच्या कशा? 1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत बेदुइन मेंढपाळांना ज्या सापडल्या त्यात यशयाची अख्खी गुंडाळी आहे, सात मीटरपेक्षा लांब, 17 चामडी तुकडे शिवून जोडलेले, 54 रकाने. तोपर्यंत हिब्रू जुन्या कराराची सगळ्यात जुनी पूर्ण प्रत होती ती साधारण इ.स. 1008 ची, म्हणजे ही यशयाची गुंडाळी तिच्यापेक्षा हजारभर वर्षांनी जुनी. आणि त्यात यशया 40, "सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा", हा आपल्यासाठी केवढा मोठा अध्याय, तो सुरू होतो एका रकान्याच्या अगदी शेवटच्या ओळीवर. लिहिणाऱ्याने त्याच्यासाठी नवीन रकाना सुद्धा घेतला नाही, तो सलग लिहीत गेला.

हिब्रू परंपरेत वचनाचा शेवट दाखवायला दोन टिंबांची खूण आली, मासोरेट, म्हणजे शास्त्राच्या हिब्रू प्रती जपणाऱ्या यहूदी पंडितांनी पुस्तकागणिक वचनं मोजून शेवटी आकडा लिहून ठेवला, पण वचनांना नंबर नव्हते. ख्रिस्ती लोकांत चौथ्या शतकात युसेबियस या बिशपने चारही शुभवर्तमानांचे छोटे भाग पाडून दहा तक्ते बनवले, कुठली घटना कोणाकोणात आहे ते बघायला. आपल्या बायबलमध्ये कडेला किंवा खाली संदर्भ वचनं असतात ना, त्यांचे हे पणजोबा.

अध्याय आले ते 13 व्या शतकाच्या सुरुवातीला, पॅरिसमध्ये. श्रेय दिलं जातं स्टीफन लँग्टनला, जो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. कारण साधं होतं, विद्यापीठात वेगवेगळ्या देशांतून आलेली मुलं, प्रत्येकाच्या प्रतीत भाग वेगळे पाडलेले, मग शिक्षक म्हणाला अमुक ठिकाणी बघा तर बघणार कुठे? त्यानंतर लगेच पॅरिसच्याच सेंट जॅक मठात सेंट शेरच्या ह्यूच्या देखरेखीखाली डॉमिनिकन साधूंनी पहिली मोठी कॉन्कॉर्डन्स, म्हणजे कुठला शब्द कुठे कुठे येतो याची शब्दसूची केली. वचनांचे नंबर अजून नव्हते म्हणून त्यांनी प्रत्येक अध्यायाचे अंदाजाने सात भाग धरून ए पासून जी पर्यंत अक्षरं दिली. विचार करा, कॉम्प्युटर नाही, छापखाना नाही, हाताने प्रत्येक शब्द शोधायचा.

वचनांचे नंबर दिले छापखानेवाल्याने. रोबेर एतियेन हा पॅरिसचा मुद्रक, पुढे जिनिव्हाला गेला, त्याने 1551 च्या ग्रीक नव्या करारात आजचे नंबर घातले. त्याचा मुलगा लिहून गेलाय की वडिलांनी हे काम बरंचसं पॅरिस ते लियाँ प्रवासात केलं.

या नंबरांचे उपकार आहेतच, मंडळीत पास्टर वचन सांगतात आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच ओळीवर येतात ही छोटी गोष्ट नाही. पण कापाकापी कुठे कुठे चुकीच्या जागी झालीये आणि ती आपल्या वाचनात शिरते. उत्पत्ती 1 संपतो सहाव्या दिवशी आणि सातवा दिवस, विसाव्याचा, दुसऱ्या अध्यायात गेला. यशया 53 आपण पाठ करतो, पण दुःख सोसणाऱ्या सेवकाचं ते गीत सुरू होतं 52:13 पासून. 1 करिंथ 11 चं पहिलं वचन, "माझे अनुकरण करा", हा तर दहाव्या अध्यायाचा शेवट आहे, पुढचा डोक्यावरच्या पदराचा विषय वेगळाच. म्हणून मी ग्रुपमध्ये नेहमी सांगते, उतारा वाचायला घेतला की अध्यायाच्या आधीच्या दहा ओळी आणि नंतरच्या दहा ओळी वाचाच.

पुढे 1737 मध्ये लंडनला अलेक्झांडर क्रूडेनने एकट्याने इंग्रजी बायबलची शब्दसूची केली, आणि 1890 मध्ये अमेरिकेत जेम्स स्ट्राँगची आली, तिच्यात प्रत्येक मूळ शब्दालाच नंबर दिला, हिब्रू 8674 पर्यंत, ग्रीक 5624 पर्यंत. आज मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की जो आकडा येतो तो हाच. थिओप्न्यूस्तोस 2315 आहे. वापरताना काळजी पण हवी. योहान 21 मध्ये येशू पेत्राला तीनदा विचारतो माझ्यावर प्रीती करतोस का, तिथे स्ट्राँगच्या 25 आणि 5368 या नंबरांचे दोन वेगळे ग्रीक शब्द आहेत आणि त्यावरून मोठमोठे संदेश दिले जातात. पण त्याच योहानात पिता पुत्रावर प्रीती करतो हे 3:35 ला 25 ने येतं आणि 5:20 ला 5368 ने. आकडा शब्द दाखवतो, अर्थ मात्र आजूबाजूच्या ओळींतूनच काढावा लागतो.

आपल्या मराठीची अडचण अशी की स्ट्राँगची सूची इंग्रजी किंग जेम्स बायबलवर बांधलेली, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला मूळ शब्दाकडे जायचं तर बहुतेक वेळा इंग्रजीच्या दारातून जावं लागतं. मिशनरी विल्यम कॅरीच्या बंगालमधल्या सेरामपूरहून मत्तयाचं मराठी शुभवर्तमान 1805 मध्ये आणि नवा करार 1811 मध्ये छापून आला, पुढे मुंबईत अमेरिकन मिशनचं काम झालं, पण मला यात सगळ्यात जवळची वाटते ती पंडिता रमाबाई. संस्कृतची एवढी मोठी विदुषी, आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बसली, कारण तिला खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत थेट मुळातून बायबल हवं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मिशनच्याच छापखान्यात बायका आणि मुली खिळे जुळवायच्या, पानं छापायच्या. 1921 मध्ये तिची मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेली, पूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये.

त्या मुलीला मी पुढच्या शनिवारी यिर्मया 36 सलग वाचून दाखवायला सांगितलंय, मध्ये नंबर न वाचता.