हंटरचा माना गेला, तिथपासूनची गोष्ट

पॅच, म्हणजे गेमचा नवा अपडेट, आला की सांगलीच्या गेमर ग्रुपवर एकच ओरड सुरू होते, ह्या शॉटचा डॅमेज कमी केला, त्याला नर्फ केलं, म्हणजे कमकुवत केलं. पण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या ऑनलाइन गेममधला हंटर, म्हणजे धनुष्यवाल्याचा क्लास (पात्राचा प्रकार), बघितला तर डॅमेजपेक्षा शॉटचा खर्च आणि ऊर्जेच्या भरतीचे आकडे हलले तेव्हाच क्लास खरा बदललाय.

2004 ला हंटर मानावर, म्हणजे जादूच्या ऊर्जेवर, चालायचा, वर बाण विकत घेऊन बॅगेत सांभाळायचे. 2007 च्या विस्तारात (गेमच्या नव्या भागात) ॲस्पेक्ट ऑफ द वायपर नावाचा लावायचा-काढायचा मोड आला, त्यानं माना हळूहळू भरायचा. 2008 ला त्याचाच नियम फिरवला, मारताना माना परत मिळणार पण डॅमेज निम्मा. मग फाईटमधी डॅमेजची घाई नाही ती वेळ हेरायची, वायपर लावायचा आणि माना भरला की लगेच काढायचा, चांगला हंटर कोण ते इथंच कळायचं.

ऑक्टोबर 2010 च्या 4.0.1 पॅचनं माना काढून फोकस नावाची आपोआप भरत राहणारी ऊर्जा आणली, बाणही गेले. वाद अजून मिटलेला नाही. बाजूनं बोलणारे म्हणतात धनुष्यवाल्याला जादूगाराचा माना कशाला, पेटकडं (हंटरच्या पाळीव प्राण्याकडं) तर पहिल्यापासनं फोकसच होता, आणि गियरवरचा (अंगावरच्या सामानावरचा) इंटेलेक्टही, म्हणजे माना वाढवणारा आकडा, सुटला. विरोधातले म्हणतात रोग ह्या चोरट्या क्लासच्या एनर्जीची नक्कल केली. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण मुद्दा ऊर्जेच्या बारच्या नावाचा नाहीच, काळाचा आहे. माना म्हणजे उसाचं बिल, एकदा हातात आलं की पुढं पुरवायचं, आणि फोकस म्हणजे दुधाचा पगार, थोडा थोडा पण सारखा येतो आणि साठत नाही. फोकस 100 ला टेकला की पुढची भरती वाया, म्हणून सतत काहीतरी मारत राहायचं, आणि कमी पडला की तेव्हा स्टेडी किंवा कोब्रा शॉट मारून 9 फोकस कमवायचा. हेस्ट (वेग) वाढला की भरतीही वाढते, म्हणजे नवीन गियर घातला की सगळी लय परत बसवायची.

आता आपल्याकडनं खेळणाऱ्यांचा विचार करा. भारतात सर्व्हर नाही, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त, विश्रामबागच्या कॅफेत संध्याकाळी नेट अडखळायचं. मानावर असताना एक शॉट उशिरा गेला तर माना जागेवरच राहायचा, फोकसवर तोच उशीर भरती खातो. बॅलन्सच्या चर्चेत हा मुद्दा कुणी धरलाच नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा होता.

पुढं बदल भराभर आले. 2012 ला स्टेडीचे 9 चे 14 झाले. 2016 ला तर सगळं उलटं, कमावणारा कोब्रा शॉट खर्च करणारा झाला, मार्क्समनशिप ह्या हंटरच्या उपप्रकाराचा स्टेडी काढून आर्केन शॉटला कमवायला लावलं, आणि 2018 ला स्टेडी परत आणून आर्केन पुन्हा खर्चाकडं. प्रत्येक वेळी बोटांची सवय मोडायची, आणि ओरड मात्र डॅमेजचीच.

2019 ला क्लासिक, म्हणजे गेमची जुनी आवृत्ती, आलं त्यात माना आणि बाण दोन्ही परत आले. त्यामुळं आता एकाच ग्रुपवर मानावाले पण आहेत आणि फोकसवाले पण, आणि कुणी नुसतं "हंटरचं रोटेशन सांगा" (म्हणजे शॉट मारायचा क्रम) म्हटलं की दोघंही उत्तर देतात आणि भांडणं लागतात, तेव्हा विचारताना व्हर्जन आधी लिहा.