आकृतीच प्रोग्रॅम होते तेव्हा : विमान-नियंत्रणातील स्वयंचलित कोडनिर्मितीची पार्श्वभूमी

नियंत्रण-अभियंता विचार करतो तो आकृतीत. चौकोन, बाण, बेरजेचे वर्तुळ आणि मागे वळून येणारी फीडबॅकची रेघ. ॲनालॉग संगणकाच्या काळात ही आकृती म्हणजेच यंत्र असे. चौकोनाच्या जागी ॲम्प्लिफायर, बाणाच्या जागी तार. सगळे चौकोन एकाच वेळी चालत, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण हा प्रश्नच उद्‌भवत नसे.

डिजिटल संगणक आला आणि हा प्रश्न उभा राहिला. २५ मे १९७२ रोजी अमेरिकेत नासाचे एफ-८ विमान अपोलो यानाच्या संगणकावर उडाले. वैमानिकाचा दांडा आणि पंखांवरची नियंत्रक पाती यांच्यामध्ये यांत्रिक जोडणी उरली नव्हती. त्या दिवसापासून विमानाचे स्थैर्य प्रोग्रॅमवर अवलंबून राहू शकते हे सिद्ध झाले. पण प्रोसेसर एका वेळी एकच सूचना पाळतो. शंभर चौकोनांची आकृती त्याला द्यायची तर कुणीतरी ती ओळींत उतरवली पाहिजे, क्रम ठरवला पाहिजे, मागच्या वेळची मूल्ये कुठे साठवायची ते लक्षात ठेवले पाहिजे. क्रम एका ठिकाणी उलटा झाला की तो चौकोन या वेळच्या ऐवजी मागच्या वेळची किंमत वापरतो. प्रोग्रॅम बंद पडत नाही, चाचणीत आकडे जवळपास बरोबरच दिसतात. मात्र फीडबॅकच्या वळणात एका सॅम्पलचा, म्हणजे दोन मोजमापांमधल्या अंतराएवढा, उशीर शिरलेला असतो आणि तेवढा उशीर स्थिर प्रणालीला डोलायला लावण्यास पुरेसा ठरू शकतो. हाताने लिहिलेल्या नियंत्रण-कोडमधली मला सर्वांत धोकादायक वाटणारी चूक हीच, कारण ती वाचून सापडत नाही.

त्यात कामाची विभागणी अशी की नियंत्रण जाणणारा माणूस कागदावर तपशील लिही, प्रोग्रॅमर तो वाचून कोड लिही आणि तिसराच माणूस दोन्ही वाचून चाचण्या तयार करी. एकाच आकृतीचे तीन अर्थ लागण्याची पुरेपूर सोय होती.

या अडचणीवरचे मला सर्वांत खोल वाटणारे उत्तर फ्रान्समधून आले, आणि ते मुळापासून समजून घेण्यासारखे आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रनोबल शहरात पॉल कास्पी आणि निकोला हाल्बवाक्स हे दोन संशोधक एकत्र काम करत होते. कास्पी नियंत्रणशास्त्रातून आलेले. त्यांचे म्हणणे असे की नियंत्रण-अभियंत्याकडे समीकरणे आधीच आहेत, आकृत्याही आहेत, त्यांना नेमका गणिती अर्थ आहे. मग प्रोग्रॅमिंगच्या नावाखाली ती मोडून लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी) आणि असाइनमेंट (चलाला किंमत देणाऱ्या ओळी) यांत का भरायची? समीकरण हाच प्रोग्रॅम का असू नये? यातून लस्टर ही भाषा जन्मली. तिच्यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८७चा.

लस्टरमध्ये काळ ठोक्यांनी मोजतात; ठोका म्हणजे नियंत्रणाचे गणित ठरावीक अंतराने पुन्हा चालण्याचा क्षण. प्रत्येक चल म्हणजे एक अखंड प्रवाह : पहिल्या ठोक्याची किंमत, दुसऱ्या ठोक्याची, तिसऱ्या ठोक्याची, असे पुढे. मागच्या ठोक्याची किंमत हवी असेल तर तसे उघड सांगावे लागते आणि अगदी पहिल्या ठोक्याला काय धरायचे तेही. साधा इंटिग्रेटर, म्हणजे बेरीज साठवत जाणारा चौकोन, घ्या : या ठोक्याची बेरीज म्हणजे मागच्या ठोक्याची बेरीज अधिक या ठोक्यातला फरक (हवी ती किंमत आणि मिळालेली किंमत यांतला) गुणिले ठोक्याचा कालावधी, सुरुवातीला शून्य. एवढे एक समीकरण लिहिले की झाले. समीकरणे कोणत्याही क्रमाने लिहा, फरक पडत नाही. कोण कुणावर अवलंबून आहे हे पाहून कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राला चालणाऱ्या कोडमध्ये रूपांतर करणारे साधन, क्रम लावतो. दोन किमती त्याच ठोक्यात एकमेकींवर अवलंबून असतील तर कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो. वर सांगितलेली ती एका सॅम्पलच्या उशिराची चूक नकळत घुसायला जागाच उरत नाही, कारण उशीर हवा असेल तर तो लिहावाच लागतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक धीट गृहीतक आहे. ठोका पडताच इनपुट वाचून आउटपुट काढायला शून्य वेळ लागतो असे मानायचे. प्रत्यक्षात वेळ लागतोच. पण पुढचा ठोका पडायच्या आत गणित संपत असेल तर बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. दोन मात्रांच्या मध्ये तबलजीने कितीही दाट बोल भरले तरी सम चुकली नाही म्हणजे झाले, तसेच हे. त्यामुळे रिअल-टाइमचा गुंता दोन स्वतंत्र प्रश्नांत विभागला जातो : गणित बरोबर आहे का, आणि सर्वांत वाईट परिस्थितीत ते किती वेळ घेईल. पहिला प्रश्न प्रोसेसरचा विचार न करता सोडवता येतो. दुसऱ्यासाठी तयार यंत्रसंकेत तपासायचा. जर्मनीतल्या झारब्रुकनच्या ॲब्सइंट कंपनीचे असे विश्लेषक साधन पुढे एअरबसने वापरले.

कंपायलरने तयार केलेला कोड दिसायला अगदी नीरस असतो. एक फंक्शन, जे प्रत्येक ठोक्याला एकदा चालते : इनपुट घ्या, हिशेब करा, आउटपुट द्या, पुढच्या वेळेसाठी काही किमती जपून ठेवा. चालता चालता नवी मेमरी मागणे नाही, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे) नाही, किती वेळा फिरेल याचा नेम नसलेला लूप नाही. किती बाइट लागतील ते कोड तयार होतानाच कळते. सर्वसाधारण प्रोग्रॅमरला ही बंधने जाचक वाटतील. पण स्वयंचलित कोडनिर्मिती विमानात शिरू शकली ती या त्यागामुळे, अशी माझी पक्की धारणा आहे. जनरेटर, म्हणजे आकृतीतून कोड लिहिणारे साधन, हुशार असण्यापेक्षा त्याचा कोड अंदाज बांधता येण्याजोगा असणे जास्त मोलाचे ठरले.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये आणखी दोन भाषा घडत होत्या. रेन शहरात अल्बेर बेनव्हेनिस्त आणि पॉल ले गर्निक यांची सिग्नल, आणि सोफिया आंतिपोलिसला जेरार बेरी यांच्या गटाची एस्टेरेल. एस्टेरेलची वृत्ती वेगळी : सलग वाहणाऱ्या आकड्यांपेक्षा घटना, व्यत्यय आणि अवस्था यांची भाषा. या धाग्याला मुंबईचीही एक गाठ आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. के. श्यामसुंदर आणि आयआयटी मुंबईतील एस. रमेश यांनी बेरींबरोबर १९९३मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्वतंत्र ठोक्यांवर चालणारे एस्टेरेलचे भाग एकमेकांशी कसे बोलतील, याची मांडणी त्यात होती. एका संगणकापुरते मर्यादित असलेले शून्य वेळेचे गृहीतक विखुरलेल्या प्रणालीपर्यंत कसे न्यायचे हा तो प्रश्न, आणि आजही तो जिवंत आहे.

उद्योगात ही कल्पना दोन दारांनी शिरली. ग्रनोबलच्याच मेर्लां-जेरां कंपनीला फ्रेंच अणुभट्ट्यांच्या नव्या पिढीसाठी आपत्कालीन संरक्षण-प्रणाली बनवायची होती. लस्टरच्या गटातली माणसे तिथे गेली आणि तिच्यावर आधारलेले सागा हे आकृतीचे साधन तयार झाले. दुसरीकडे तुलूझमध्ये एरोस्पास्याल कंपनी एअरबसचे ए३२० विमान घडवत होती. २२ फेब्रुवारी १९८७ला प्रथम उडालेले हे डिजिटल फ्लाय-बाय-वायर (यांत्रिक जोडणीऐवजी संगणकामार्फत नियंत्रण) असलेले पहिले प्रवासी जेट. त्याच्या नियंत्रणाचे तपशील तिथल्या अभियंत्यांनी साओ नावाच्या स्वतःच्या साधनात, आकृत्यांच्या पानांवर लिहिले. सागा आणि साओ एकमेकांपासून दूर वाढले, तरी आश्चर्य वाटावे इतके सारखे निघाले. मग व्हेरिलॉग या साधने बनवणाऱ्या कंपनीने दोन्ही उद्योगांना सोबत घेऊन स्केड हे व्यापारी साधन उभे केले. ते पुढे एस्टेरेल टेक्नॉलॉजीजकडे आणि २०१२मध्ये अन्सिसकडे गेले.

खरी कसोटी मात्र प्रमाणपत्राची होती. विमानातील सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८बी या १९९२च्या दस्तऐवजात, ज्याच्या बिघाडाने विमानच पडू शकते असा कोड ‘अ’ पातळीत येतो. त्याची प्रत्येक ओळ तपशिलाशी ताडून पाहावी लागते. कोड यंत्राने लिहिला म्हणून सूट नाही. सूट हवी असेल तर कोड लिहिणाऱ्या यंत्रालाच त्या पातळीच्या काटेकोरपणे घडवून तसे सिद्ध करा, असा नियम. स्केडच्या जनरेटरने ही पात्रता मिळवली. त्यानंतर आकृती तपासली की तयार झालेला कोड आकृतीशी हाताने पडताळत बसण्याचे काम गळाले. मला हा क्षण कुठल्याही नव्या भाषेइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण विश्वास कशावर ठेवायचा ते इथे बदलले.

दरम्यान ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नव्हती. तो कोड एरियान-४वरून तसाच आणलेला होता. या घटनेनंतर प्रोग्रॅम न चालवता त्याचे सगळे संभाव्य वर्तन गणिताने तपासण्याच्या पद्धतीला मोठे बळ मिळाले. पॅरिसमध्ये पात्रिक कूझो यांच्या गटाने ॲस्ट्रे हे साधन घडवले. नोव्हेंबर २००३मध्ये त्याने एअरबस ए३४० विमानाच्या मुख्य उड्डाण-नियंत्रणाच्या १,३२,००० ओळींच्या, सी भाषेतील प्रोग्रॅममध्ये शून्याने भागाकार, ओव्हरफ्लो (संख्या जागेत न मावणे), ॲरेच्या (किमतींच्या यादीच्या) बाहेर जाणे असा एकही दोष संभवत नाही हे सिद्ध केले. साध्या पीसीवर, दीड तासाच्या आत. तो कोड आकृत्यांतून तयार झालेला होता. त्याची तीच नीरस, एकसाची घडण नसती तर हे विश्लेषण इतक्या आवाक्यात आले नसते.

अमेरिका आणि जर्मनीची वाट निराळी होती. तिथे सुरुवात सिम्युलेशनपासून झाली. भारतात जन्मलेले नरेन गुप्ता यांनी १९८०मध्ये सह-स्थापन केलेल्या इंटिग्रेटेड सिस्टिम्स कंपनीचे मॅट्रिक्स-एक्स हे सिम्युलेशनचे साधन आणि त्यातला ऑटोकोड जनरेटर अवकाश-उद्योगात पोचला. १९९३पासून चाचणी-उड्डाणे करणाऱ्या डीसी-एक्स या उभ्या उतरणाऱ्या रॉकेटचे सॉफ्टवेअर त्यातून बनले. मॅथवर्क्सचे सिम्युलिंक हे आकृत्यांवर चालणारे सिम्युलेशन-साधन १९९०च्या सुमारास आले आणि आज बहुतेक अभियांत्रिकी विद्यार्थी आधी तेच शिकतो. जर्मनीतल्या पाडरबोर्नच्या डीस्पेस कंपनीने १९९९मध्ये टार्गेटलिंक हा कोड-जनरेटर आणला, मोटारींच्या ईसीयूसाठी, म्हणजे वाहनातल्या छोट्या नियंत्रक संगणकांसाठी. त्या काळच्या स्वस्त प्रोसेसरांवर अपूर्णांकी गणित परवडत नसे, म्हणून प्रत्येक किमतीचे पूर्णांकी मापन ठरवावे लागे. हे किचकट काम जनरेटर करू लागला आणि वाहन-उद्योग वळला. पुण्यात वाहनांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या असंख्य तरुण अभियंत्यांची ओळख याच वाटेशी आहे.

या वाटेचा कच्चा दुवा असा की सिम्युलेशनसाठी बनलेल्या आकृतीचा अर्थ अनेकदा सेटिंगवर अवलंबून असतो. बदलत्या अंतराने पावले टाकणाऱ्या सॉल्व्हरवर (समीकरणे सोडवणाऱ्या भागावर) छान चाललेले मॉडेल ठरावीक ठोक्यावर वेगळे वागू शकते. त्यातच एकाच ईसीयूवर दर १, दर १० आणि दर १०० मिलिसेकंदांनी करायची कामे एकत्र चालतात. जलद कामाला अग्रक्रम देण्याचे लिऊ आणि लेलँड यांचे १९७३चे गणित वेळापत्रक सांभाळते, पण संथ कामाचे गणित मधेच थांबले असताना जलद कामाने त्याची अर्धी जुनी, अर्धी नवी किंमत उचलली तर काय, याचे उत्तर जनरेटरनेच द्यावे लागते. कास्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००नंतर सिम्युलिंकच्या सुरक्षित उपसंचाचे लस्टरमध्ये रूपांतर करण्याची पद्धत मांडली, ती हा दुवा पक्का करण्यासाठीच.

कास्पी २०१२मध्ये गेले. २०१७मध्ये फ्रान्समधल्याच संशोधकांनी व्हेलुस सादर केला : लस्टरचा असा कंपायलर, जो समीकरणांचा अर्थ थेट असेंब्लीपर्यंत (प्रोसेसरच्या सूचनांपर्यंत) अबाधित राहतो हे कॉक या सिद्धता-साधनात तपासून दाखवतो. त्याची खालची अर्धी वाट झाविए लेरुआ यांच्या कॉम्पसर्ट या सिद्ध झालेल्या सी कंपायलरमधून जाते. वेळेचा प्रश्न मात्र या सिद्धतेच्या बाहेर आहे आणि प्रोसेसरमधले अनेक कोअर (स्वतंत्र गणनाभाग) एकच मेमरी वापरू लागल्यापासून तो पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे, कारण शेजारच्या कोअरवर काय चालले आहे यावर आपल्या फंक्शनचा सर्वांत वाईट वेळ ठरू लागला.