क्रेगडॅरॉक कॅसल

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया येथील एकोणिसाव्या शतकातील दगडी प्रासाद. व्हँकूवर बेटाच्या दक्षिण टोकाला वसलेल्या या बंदराच्या शहरात तो एका उंचवट्यावर उभा आहे. कोळसासम्राट रॉबर्ट डन्सम्यूर (१८२५–८९) याने तो कुटुंबासाठी बांधवून घेतला. बांधकाम साधारण १८८७ ते १८९० या काळातले. नावात ‘कॅसल’ असले, तरी संरक्षणाशी या वास्तूचा कधीच संबंध नव्हता. १९७९ पासून ती वस्तुसंग्रहालय म्हणून पाहता येते. १९९२ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

प्रासादाच्या उगमाबद्दल एक आख्यायिका फार प्रचलित आहे. स्कॉटलंड सोडायला पत्नी जोन राजी नव्हती. तेव्हा ‘तुला तिकडे किल्ला बांधून देईन’ असे वचन डन्सम्यूरने दिले, अशी ती कथा. स्थानिक लेखनात ती पुनःपुन्हा येते, पण कालक्रम तिला फारसा अनुकूल नाही. १८५१ मध्ये बेटावर आला तेव्हा डन्सम्यूर हडसन्स बे कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीचा करारबद्ध खाणकामगार होता. त्याला बेटावरील नानाइमोजवळच्या वेलिंग्टनचा कोळशाचा थर सापडला १८६९ मध्ये. खरी संपत्ती त्यानंतरची. वचनाची गोष्ट प्रासाद उभा राहिल्यावर रचली गेली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बेटावरील एस्क्विमॉल्ट–नानाइमो रेल्वे डन्सम्यूरने उभारल्यानंतर प्रांतातील सर्वांत धनाढ्य माणसाला राजधानीत आपले स्थान ठळकपणे दाखवायचे होते, एवढे कारण पुरेसे आहे.

आराखडा ऑरेगनमधील पोर्टलंडचा वास्तुविशारद वॉरन विल्यम्स याचा. १८८८ मध्ये तो वारला आणि उरलेले काम त्याचा सहकारी आर्थर स्मिथ याने पुरे केले. एप्रिल १८८९ मध्ये डन्सम्यूरही मरण पावला. म्हणजे मालक आणि वास्तुविशारद या दोघांनीही पूर्ण झालेली वास्तू पाहिली नाही. शैलीविषयी एकमत नाही. गोल बुरूज, उंच धुराडी व तीव्र उताराची छपरे पाहून काही लेखक तिला ‘स्कॉटिश बॅरोनियल’ (स्कॉटलंडमधील जुन्या किल्ल्यांच्या धर्तीची) म्हणतात; ओबडधोबड दगडी दर्शनभाग व रुंद कमानी यांमुळे इतर काही जण अमेरिकेतील रोमनेस्क (मध्ययुगीन युरोपीय) शैलीच्या पुनरुज्जीवनाशी तिचे नाते जोडतात. विल्यम्सची कारकीर्द अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घडली, हे ध्यानात घेता दुसरे मत वजनदार ठरते. स्कॉटिश छटा बहुधा मालकाच्या हौसेची. अंतर्भागातील ओक लाकडाचा जिना व भिंतींचे लाकडी तक्ते शिकागोच्या ए. एच. अँड्र्यूज या कंपनीत तयार होऊन आली.

मृत्युपत्रानुसार सर्व मालमत्ता जोनकडे गेली. त्यावरून तिचे मुलांशी बिनसले. थोरला मुलगा जेम्स पुढे प्रांताचा पंतप्रधानही झाला (१९००–०२). १९०८ मध्ये जोन वारली. सामानाचा लिलाव झाला आणि सुमारे २८ एकरांच्या आवाराचे भूखंड पाडले गेले. भूखंड घेणाऱ्यांमधून सोडत काढून प्रासाद बक्षीस द्यायचा, अशी विक्रीची युक्ती होती. सोडत जिंकलेल्या सॉलोमन कॅमेरनने तो गहाण टाकून इतरत्र पैसा गुंतवला, आणि तो पैसा बुडाला. प्रासाद बँक ऑफ माँट्रिऑलकडे गेला. त्यानंतर तेथे लष्करी रुग्णालय (१९१९–२१), व्हिक्टोरिया कॉलेज (१९२१–४६), शाळा मंडळाची कचेरी (१९४६–६८) व संगीत विद्यालय (१९६९–७९) अशा संस्था नांदल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांची इतकी दाटी झाली, की त्यांनी मोर्चा काढून महाविद्यालयासाठी दुसरी जागा मिळवली. जतनाची संघटित चळवळ पत्रकार जेम्स नेस्बिट याच्या पुढाकाराने १९५९ मध्ये सुरू झाली. या संस्थांनी खोल्या हव्या तशा वापरल्या खऱ्या, पण वास्तू रिकामी पडून मोडकळीस आली नाही ती त्यांच्यामुळेच.

प्रासादात ३९ दालने आहेत. पाहणाऱ्याने मूळ आणि नंतरचे यांत भेद करणे इष्ट. जिना, लाकूडकाम आणि बऱ्याच रंगीत काचेच्या खिडक्या मूळच्या आहेत. फर्निचर मात्र लिलावात पांगल्यामुळे पुढे शोधून परत मिळवलेले किंवा त्या काळाला साजेसे निवडलेले आहे. दिवाणखान्याचे चित्रित छत नंतरच्या रंगाखाली झाकले गेले होते. ते थर खरवडून उघडे केले गेले. चौथ्या मजल्यावर नृत्यशाला आहे. मनोऱ्यापर्यंत ८७ पायऱ्या चढाव्या लागतात; तेथून शहर, हुआन द फुका सामुद्रधुनी व पलीकडील ऑलिंपिक पर्वत दिसतात. आवाराच्या जागी आता घरांची वस्ती आहे, त्यामुळे वास्तू दुरून अखंड अशी दिसत नाही.

संग्रहालयाच्या मांडणीचा भर डन्सम्यूर कुटुंबावर आहे. ज्या खाणींतून हा पैसा आला, त्यांतील कामगारांचा इतिहास – १८७७ च्या वेलिंग्टन संपात सैन्य बोलावले गेले होते – जाणण्यासाठी नानाइमो परिसराकडे वळणे अधिक उपयुक्त ठरते.